क्षारता, लवणता की खारटपणा?

सहलवाली: मुलांच्या सहलीसाठी लोणारच्या पाण्यावरचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करतेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. तिथलं पाणी सलाइन (मीठ विरघळलेलं) पण आहे आणि अल्कलाइन (आम्लाच्या उलट गुणाचं) पण. भूगोलात समुद्राची क्षारता शिकलो, पण अल्कलाइनलाही लोक क्षारीयच म्हणतात, मग दोन्हीकडे एकच शब्द कसा लिहू? पुढे हायड्रोमीटरने (पाण्यात तरंगून घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीने) मोजायचं आहे, तर पृष्ठताणामुळे (पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळे) काचेच्या दांडीला चढलेल्या पाण्याच्या त्या कडेला काय म्हणायचं?

जुनाट: सलाइनपणाला लवणता आणि अल्कलाइनला आम्लारिधर्मी. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट, हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, सगळा घोळ तिथून आलाय.

खारवट: लवणता कोण बोलतं हो? मुलांना खारटपणा कळतो, तोच लिहा.

जुनाट: अळणी म्हणता ना? ते अलवणच. लोणचंही लवणातलं आणि लोणारसुद्धा. घरातला शब्द आहे, परका नाही.

मेहकरकर: लोणार लवणासुरावरून! विष्णूने त्याला तिथेच मारला, आमची आजी दैत्यसुदनाच्या देवळात नेऊन सांगायची.

जुनाट: अहो पण लवणासुरातही लवणच आहे की.

आगरातला: पेणकडे आमच्या आजोबांच्या मिठागरात लवणताही नाही आणि क्षारताही नाही, पाणी किती डिग्री झालं एवढंच विचारायचे, म्हणजे तापमान नव्हे, खारेपणा; बोमेचा काटा, हायड्रोमीटरच तो, पाण्यात सोडून बघायचे, समुद्राचं तीन-साडेतीन आणि पंचविसाच्या आसपास मीठ धरायला लागायचं. अर्धवट खारं ते मचूळ, हा शब्द तरी वाचवा.

प्रयोगवही: मिठाने पृष्ठताण कमी होतो असं सर्रास लिहितात ते चूक आहे, कमी करतो तो साबण. मिठाने वाढतो, पण अगदी थोडा, २० अंशाला शुद्ध पाण्याचा ७२.८ मिलिन्यूटन प्रतिमीटर आणि समुद्राच्या पाण्याचा त्याहून जेमतेम एकाने जास्त, म्हणून त्यावरून खारटपणा मोजत नाहीत, घनतेवरून किंवा विजेच्या वहनावरून मोजतात. हायड्रोमीटर वाचताना मात्र चढलेली कड सोडून सपाट पातळीवरचा आकडा घ्यायचा, आणि दांडी तेलकट हातांनी धरायची नाही.

सहलवाली: हो, त्याच कडेला शब्द हवाय!

खारवट: मीठ मुळात मिष्टवरून आलंय माहितीये? हिंदीत मीठा म्हणजे गोड, आपल्याकडे खारट.

जुनाट: मिष्ट नाही, मृष्ट.