पंचगंगेचा पूर, ऊस आणि हवामान धोरण

हवामान बदलाचे धोरण दिल्ली-मुंबईत ठरते आणि जिल्ह्याने ते फक्त राबवायचे असते, हे मत मला पटत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले. पूर ओसरल्यावर शिवारात ऊस लांबून हिरवा दिसतो, पण पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) धरून ओढला की तो अलगद हातात येतो. आत गाळ भरलेला असतो आणि कुजल्याचा वास येतो. तरीही पुढच्या हंगामात त्याच रानात ऊसच लागतो, कारण ज्याचा किमान दर कायद्याने ठरतो, जे कारखाना उचलतो आणि ज्याच्या भरवशावर विकास सोसायटीचे (गावच्या सहकारी पतसंस्थेचे) कर्ज मिळते, असे दुसरे पीक शेतकऱ्याच्या हाताशी नाही. राधानगरी धरण, कोल्हापूर पद्धतीचे (पाणी अडवण्यासाठी फळ्या घालता-काढता येणारे) बंधारे आणि सहकारी कारखाने यांनीच हा जिल्हा उभा केला, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच ‘पीक बदला’ एवढ्या सल्ल्याला मी धोरण मानत नाही. सोयाबीन-भुईमुगाला तशीच खरेदी आणि तसेच कर्ज मिळाले, तर नदीकाठचा शेतकरी स्वतःहून विचार करील. शहरात पूररेषेच्या (पुराचे पाणी जिथवर येते त्या हद्दीच्या) आत होणाऱ्या बांधकामांचा प्रश्नही जागेच्या वाढत्या भावाशीच जोडलेला आहे. गगनबावडा तालुक्यातल्या वाड्यांना दरडीची भीती, शिरोळ तालुक्यात आठवडाभर तुंबणारे पाणी: एकाच जिल्ह्यात गरजा इतक्या वेगळ्या असतील, तर हवामान आराखडा तालुक्यापासूनच सुरू व्हायला हवा.