मदत हवी आहे : विदर्भातल्या जुन्या खेळाडूंचे फोटो आणि माहिती

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या क्रीडा मंडळाने यंदापासून विदर्भातल्या खेळाडूंचा 'सन्मान कक्ष' सुरू करायचं ठरवलंय. नव्या पिढीची नावं लगेच सुचली. 2025 चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख, 2023 चा तिरंदाजीतला जगज्जेता ओजस देवतळे, रणजी करंडक तीनदा आणणारा विदर्भ संघ. यांची माहिती भरपूर मिळते.

अडलंय ते आट्यापाट्या, खो-खो आणि कबड्डीच्या जुन्या खेळाडूंपाशी, त्यातही मुलींपाशी. आट्यापाट्यांतली मधली उभी रेघ, म्हणजे सूरपाटी, अडवून धरणाऱ्या कितीतरी जणी लग्नानंतर दुसऱ्या गावी गेल्या, आडनावं बदलली. घरच्यांकडे एखादं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र असतं, फोटो नसतोच. मला तर आधी यांचाच सत्कार व्हावा असं वाटतं.

तर सांगा, 1970 ते 90 च्या काळातल्या स्पर्धांचे संघाचे फोटो किंवा वर्तमानपत्रांची कात्रणं नागपुरात कुठे पाहायला मिळतील? नुसत्या प्रमाणपत्रावरून कामगिरीची खात्री कशी करावी? आणि मानपत्र सुंदर मराठीत लिहून देणारं कुणी माहीत आहे का? तुमची आई, मावशी, आत्या खेळली असेल तर नक्की कळवा. आम्ही घरी येऊन फोटोची प्रत काढून घेऊ, मूळ फोटो तुमच्याकडेच राहील.