पाण्याच्या ग्रुपवर पाण्याचेच बोलणे कसे राहील?

जुळे सोलापूरचे रहिवासी:
सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी कधी सुटणार, दाब कसा आहे आणि पाणी सोडणारा चावीवाला येऊन गेला का, एवढ्याच माहितीसाठी आमच्या गल्लीने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. आता त्यावर सकाळी सुप्रभातची फुले, दुपारी राजकारण आणि रात्री वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. मागच्या पाळीला पहाटे पाणी सुटल्याचा निरोप या शुभेच्छांखाली गाडला गेला आणि शेजारच्या आजींचा हौद कोरडाच राहिला. कोणाचेही मन न दुखावता ग्रुप मूळ विषयावर कसा आणावा?

साखर पेठ:
सर्वांसमोर टोकू नये, कारण मग टोकण्यावरूनच वाद सुरू होतो आणि तोही विषयाबाहेरचाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून कम्युनिटीची, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधण्याची, सोय आहे. तिच्यातील घोषणांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन निरोप टाकू शकतात, तेव्हा पाण्याची वेळ तेथे कळवावी आणि शुभेच्छांसाठी वेगळा ग्रुप ठेवावा. गप्पांना हक्काची जागा मिळाली की सहसा कोणी रुसत नाही.

होटगी रस्ता:
गप्पांचा ग्रुप वेगळा करावा हे पटते, पण फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचे ठरले, तर गल्लीच्या टोकाच्या घरी पाणी पोहोचलेच नाही, हे कोणी सांगायचे? अशा ग्रुपचा खरा उपयोग घराघरांतून येणाऱ्या माहितीमुळेच होतो. त्यापेक्षा ‘येथे फक्त नळाच्या पाण्याविषयी लिहावे’ हे वाक्य ग्रुपच्या वर्णनात टाकावे आणि कोणी भरकटले, तर अ‍ॅडमिनने त्यांना खासगीत नम्रपणे कळवावे.

जुळे सोलापूरचे रहिवासी:
दोघांचेही आभार. एक शंका राहते. आमचे हौद लहान आहेत, त्यामुळे पाणी सुटलेले असतानाच मोटारीने ते वरच्या टाकीत चढवावे लागते. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर ती तक्रार विषयात धरावी का?

होटगी रस्ता:
अवश्य धरावी, मात्र पाणी सुटलेले असेल तेवढ्या वेळेपुरतीच. निरोप वाचून शेजाऱ्याला हौद, मोटार किंवा साठवण यांबाबत आज काही करावे लागणार असेल, तर तो विषयातला समजावा. उजनी धरणाहून येणारी जलवाहिनी फुटली की पाळी पुढे जाते, म्हणून ती बातमी येथे हवीच. उजनीच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा वाद महत्त्वाचा असला, तरी तो गप्पांच्या ग्रुपवर घालावा.