विणीच्या हंगामात रानटर्कीची शिकार: नर मारले तर घरट्यांचे काय होते?

सिरपूरकाठ (इंदूर) – प्रश्न

नमस्कार. मी अनेक वर्षांपासून दर रविवारी इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी पाहायला जाते. माझा भाचा लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे येत असे. एकदा तलावाच्या काठावरील खड्यांत टिटवीची अंडी दिसली, तेव्हा मी त्याचा हात धरून त्याला लांबून वळसा घालून नेले होते आणि विणीच्या हंगामात कोणत्याही पक्ष्याच्या वाटेस जाऊ नये, असे बजावले होते. आता तो अमेरिकेत जॉर्जिया राज्यात नोकरीस आहे. गेल्या आठवड्यात त्याने फोनवर सांगितले की, त्याच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याला एप्रिलमध्ये रानटर्कीच्या शिकारीस बोलावले असून ती शिकार कायदेशीर आहे, तिला परवाना लागतो आणि ती नेमकी विणीच्याच काळात होते.

मी त्याला रागावले नाही, परंतु रात्रभर तो विषय मनातून गेला नाही. ज्या काळात नर साद घालतो आणि मादी घरटे करते, त्याच काळात बंदूक चालवण्याची परवानगी सरकार कोणत्या आधारावर देते? भाचा म्हणतो की हा पक्षी शिकाऱ्यांमुळेच वाचला. दुसरीकडे मी वाचते की तेथील अनेक राज्यांत टर्कीची संख्या पुन्हा घटत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात काय? त्याला काय सांगावे हे ठरवण्यापूर्वी मला हा विषय नीट समजून घ्यायचा आहे.

जुनी प्रयोगशाळा (इंदूर)

ताई, आपल्या मोराकडे पाहिले तर अर्धे उत्तर तेथेच मिळते. मोर आणि टर्की एकाच कुळातील पक्षी आहेत, आणि मोराप्रमाणेच टर्कीचा नरही पिसारा फुलवून अनेक माद्यांना आकर्षित करतो, पण मीलनानंतर घरटे, अंडी किंवा पिल्ले यांपैकी कशाचीही जबाबदारी घेत नाही. वसंताच्या सुरुवातीला पहाटे तो उंच झाडावरील रातथाऱ्यावरूनच खळखळती साद घालू लागतो. मादी जमिनीवर, गवताच्या किंवा झुडपाच्या आडोशाला, जवळजवळ दररोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि शेवटचे अंडे झाल्यावर खुडूक कोंबडीसारखी सुमारे २८ दिवस बसून राहते. शिवाय तिच्या शरीरात नराचे शुक्राणू काही आठवडे टिकून राहतात; त्यामुळे एकदा मीलन झाल्यावर तो नर जिवंत असो वा नसो, अंडी फलित होत राहतात.

वसंतातील शिकारीचा सारा हिशेब यावर उभा आहे. माद्या घरट्यांवर बसल्यानंतर जे नर अजूनही माद्यांच्या शोधात साद घालत फिरत असतात, त्यांतील काही गेले तरी त्या वर्षीच्या पिल्लांची संख्या सहसा कमी होत नाही. शरद ऋतूतील शिकारीत जेथे माद्याही मारू दिल्या जातात, तेथे हानी अधिक होते, कारण मेलेल्या प्रत्येक मादीबरोबर पुढच्या वर्षीचे एक घरटे जाते. म्हणून ‘विणीच्या हंगामात शिकार’ हे शब्द आपल्या कानांना जितके निर्दय वाटतात, तितका तो निर्णय अविचाराने घेतलेला नाही.

तरी यातील कळीची अट तारखेची आहे. नरांची साद साधारणपणे दोनदा जोर धरते: प्रथम, हिवाळ्यातील थवे फुटून मीलन सुरू होते तेव्हा, आणि नंतर, बऱ्याच माद्या अंड्यांवर बसल्यामुळे नर एकटे पडतात तेव्हा. हंगाम या दुसऱ्या काळाशी जुळवला तर वरील हिशेब लागू पडतो. तो पहिल्याच काळात उघडला, तर ज्या प्रबळ नरांशी सर्वाधिक माद्यांचे मीलन व्हायचे असते, तेच आधी मारले जातात, कारण सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत उघडपणे तेच साद घालतात. जॉर्जिया विद्यापीठातील मायकेल चेंबरलेन यांच्यासारखे अभ्यासक अनेक वर्षांपासून हीच काळजी व्यक्त करत आले आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार प्रिय आहे. हा पक्षी आपल्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याला पाहून जहांगीर बादशहा इतका विस्मित झाला की त्याने आपल्या दरबारातील उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. ही गोष्ट १६१२ सालची असून पक्षी गोव्याहून आणला होता. मन्सूरने गळ्याखालची लोंबती कातडी आणि पिसांच्या कडा इतक्या बारकाईने रंगवल्या आहेत की आजही वर्गात शिकवताना ते चित्र उपयोगी पडावे.

राजवाड्याहून जॉर्जियाला

माझे बालपण राजवाड्याजवळ गेले आणि गेली चौदा वर्षे मी जॉर्जियात आहे. मी स्वतः बंदूक चालवत नाही, परंतु शेजाऱ्यांबरोबर दोन वसंतांत पहाटेच्या अंधारात लपणात बसलो आहे, म्हणून भाच्याला काय दिसेल ते सांगू शकतो. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नराने जवळ यावे म्हणून वाट पाहतो. निसर्गात सहसा याच्या उलट घडते: नर जागेवर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. त्यामुळे अनुभवी नर पुष्कळदा दूर उभा राहून फक्त उत्तर देतो आणि पुढे येतच नाही. दोन्ही वेळा आम्ही रिकाम्या हातांनी परतलो, आणि त्या वृद्ध शेजाऱ्यांना त्याचे जराही वाईट वाटले नाही.

भाच्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. जंगलतोड आणि बाजारासाठी चाललेली बेसुमार शिकार यांमुळे १९२० पर्यंत हा पक्षी त्याच्या मूळच्या ३९ पैकी १८ राज्यांतून नाहीसा झाला होता, आणि १९३० च्या दशकात संपूर्ण देशात तो दोन लाखांच्या आसपास उरला होता. १९३७ साली तेथील संसदेने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला आणि बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव खात्यांसाठी राखून ठेवले. सुरुवातीला पैदास केंद्रांत वाढवलेले पक्षी रानात सोडले गेले, पण हा प्रयत्न फसला; कोंबडवाड्यात वाढलेल्या पिल्लांना कोल्ह्या-घुबडांपासून लपायला शिकवणारी आई नव्हती. १९५० च्या दशकात स्फोटाच्या जोराने फेकले जाणारे जाळे वापरात आले, दाणे टाकून रानटी पक्षी पकडता येऊ लागले आणि ते रिकाम्या जंगलांत नेऊन सोडले गेले. या मार्गाने संख्या २००० नंतरच्या दशकात ६० लाखांच्या वर गेली आणि आज अलास्का सोडून सर्व राज्यांत टर्की आहे. परवान्याचे आणि करांचे पैसे नसते तर हे काम झाले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता दुसरी बाजू. गेल्या वीस वर्षांत आग्नेय आणि मध्य भागांतील बऱ्याच राज्यांत संख्या खाली आली आहे. खात्याचे लोक उन्हाळ्यात दर मादीमागे किती पिल्ले दिसतात हे मोजतात, आणि तो आकडा अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे घसरत गेला आहे. निम्म्याहून अधिक घरटी अंडी फुटण्यापूर्वीच मोडतात. रॅकून, स्कंक, ओपॉसम हे प्राणी अंडी खातात. जी पिल्ले बाहेर येतात, त्यांना पहिले दोन आठवडे झाडावर उडून बसता येत नाही, आणि त्याच काळात त्यांतील बहुतेक मरतात. त्यांना उंच सावलीचे जंगल उपयोगाचे नसते. त्यांना हवे असते कीटकांनी भरलेले, पिल्लाला आतून चालता येईल इतके विरळ आणि वरून ससाणा पाहू शकणार नाही इतके उंच गवत. अशी जमीन कमी होत चालली आहे. इकडे पाइनच्या लागवडी दाट वाढू दिल्या जातात, आणि गवत मोकळे राहावे म्हणून पूर्वी लावली जाणारी नियंत्रित आग सर्वत्र नियमाने लावली जात नाही.

हे पाहून जॉर्जियाने २०२२ पासून हंगाम उशिरा, एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, उघडण्याचे ठरवले आणि एका शिकाऱ्याला मिळणारे नर तीनवरून दोन केले. मारलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद २४ तासांत करावी लागते. शेजारच्या टेनेसीत २०२१ पासून आधी काही जिल्ह्यांत आणि २०२३ पासून राज्यभर हंगाम सुमारे दोन आठवडे पुढे नेला गेला. तेथील अभ्यासात मात्र केवळ तारीख बदलल्याने अधिक घरटी यशस्वी झाल्याचे दिसले नाही. म्हणून तारखेचा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पिल्ले गवतावर जगतात, हे मी विसरू शकत नाही.

खरमोरमागे (इंदूर)

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, पण एका मुद्द्यावर मला थांबावेसे वाटते. ‘नर जास्तीचे असतात’ हे वाक्य आपल्या माळव्यात फार महाग पडले आहे.

मी दर श्रावणात रतलामच्या पुढे सैलान्याला आणि कधी धार जिल्ह्यातील सरदारपूरला खरमोर पाहण्यासाठी जातो. मराठीत आपण त्याला तणमोर म्हणतो. पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर आले की काळा-पांढरा नर एकाच जागेवरून दिवसातून पाचशेहून अधिक वेळा गवताच्या वर उडी मारतो, जेणेकरून दूरच्या मादीला तो दिसावा. इंग्रजी अमदानीत आणि संस्थानी काळात शिकारी त्याला नेमक्या याच दिवसांत मारत, कारण एरवी गवतात न सापडणारा हा पक्षी उडीमुळे स्वतःच आपली जागा दाखवत असे. त्या काळी किती नर उरले हे कोणी मोजत नव्हते, एका बंदुकीला किती मारावेत याची मर्यादा नव्हती आणि माद्या घरट्यांवर बसेपर्यंत थांबावे असा नियमही नव्हता. टर्कीच्या वसंतातील शिकारीत आणि या शिकारीत पक्ष्याचे वागणे जवळपास सारखे आहे. फरक आहे तो मोजणीचा आणि मर्यादेचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक थांबली. सैलाना आणि सरदारपूर ही अभयारण्ये सालिम अलींच्या पाठपुराव्यानंतर १९८३ साली झाली. तरीही खरमोर आज अति संकटग्रस्त आहे, कारण तोपर्यंत गवताची बीडे नांगराखाली जाऊ लागली होती.

आणखी एक उदाहरण ग्वाल्हेरकडचे आहे. शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. गावकऱ्यांच्या खासगी जमिनी त्यात अडकल्या, त्यांना त्या विकता येईनात, आणि ज्या पक्ष्याकडे ते कौतुकाने पाहत होते त्याच्याबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा आला. १९९० च्या दशकानंतर तेथे माळढोक दिसलेला नाही, आणि त्यासाठी एकाही शिकाऱ्याला दोष देता येत नाही. सैलान्याला मात्र वन विभागाने वेगळी वाट धरली: आपल्या शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि त्याला जपणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस मिळते. मी ज्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून पहिला खरमोर पाहिला, ते मला हाताने गप्प राहण्याची खूण करत होते. तो नर त्यांच्या सोयाबीनच्या कडेला उडत होता, आणि त्यांनी त्या बाजूची निंदणी आठ दिवस थांबवली होती.

ताई, अमेरिकेतील शिकारी टर्कीसाठी पैसे देतो आणि नोंद करतो, याचे महत्त्व मी मान्य करतो. तरी भाच्याला एवढे अवश्य विचारावे, की त्याच्या भागात माद्या केव्हा बसतात हे त्या सहकाऱ्याला माहीत आहे काय. माहीत नसेल, तर त्याने या वर्षी बंदूक न घेता जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी प्रयोगशाळा (इंदूर)

आपली हरकत मला मान्य आहे. ‘जास्तीचे’ हा शब्द मी वापरला नसला, तरी माझ्या लिहिण्यातून तोच अर्थ निघतो. ज्या जातीची संख्या लाखांत आहे आणि दरवर्षी मोजली जाते, तिच्यापुरताच तो हिशेब खरा आहे. शेकड्यांत उरलेल्या पक्ष्याला तो लावता येत नाही, कारण तेथे एखाद्या बीडावर दोनच नर असतात आणि त्यांतील एक गेला तर माद्या तेथे उतरतच नाहीत, अशी वेळ येऊ शकते.

सिरपूरकाठ (इंदूर)

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी भाच्याशी तासभर बोलले आणि आपली उत्तरे त्याला वाचून दाखवली. माद्या केव्हा बसतात हे त्याच्या सहकाऱ्याला ठाऊक होते. ते गृहस्थ हंगाम उघडल्यावर पहिले दोन आठवडे स्वतःहून थांबतात आणि आपल्या जमिनीचा एक तुकडा दर दोन-तीन वर्षांनी जाळून मोकळा ठेवतात, असे त्याने सांगितले. हे ऐकून माझे मन पुष्कळ शांत झाले. भाचा या वर्षी लपणात बसणार आहे, पण परवाना काढणार नाही. हा निर्णय त्याचा आहे, मी तसे सुचवले नव्हते.

एक प्रश्न उरला. उन्हाळ्यात माद्या आणि पिल्ले मोजण्याच्या कामात शिकारी नसलेल्या माणसाला भाग घेता येतो काय?

राजवाड्याहून जॉर्जियाला

होय, घेता येतो. जून ते ऑगस्ट या काळात कामावर जाता-येता किंवा शेतावर दिसलेल्या माद्या, त्यांच्याबरोबरची पिल्ले आणि नर यांची नोंद राज्याच्या वन्यजीव विभागाकडे कोणीही पाठवू शकतो. पिल्ले नसलेली मादी दिसली तर तीही लिहावी. लोक सहसा पिल्लांचीच नोंद पाठवतात, त्यामुळे दर मादीमागचा आकडा खोटा वाढतो. भाच्याला सांगावे की सकाळी गवतावरचे दव सुकल्यावर रस्त्याच्या कडेला पाहावे. ओल्या गवतात पिल्ले गारठतात, म्हणून माद्या दव सुकल्यावरच त्यांना उघड्यावर आणतात.