हवा ४५ अंशांची असताना शरीर ३७ अंशांवर कसे राहते?

प्रश्न (दहावीची विद्यार्थिनी, भुसावळ):
नमस्कार. उष्णता जास्त तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाते, असे आम्ही शिकलो आहोत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मग भोवतालची हवा आपल्यापेक्षा गरम असताना शरीर ३७ अंशांच्या आसपासच कसे राहते? घामामुळे, असे सगळे सांगतात. पण घाम शरीरातूनच येतो, म्हणजे तोही गरमच असणार. शिवाय मुंबईत ३४ अंशांनाच जीव का नकोसा होतो?

उत्तर १ (विज्ञान शिक्षक, जळगाव):
तुझी शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर अप्रकट उष्म्याच्या, म्हणजे तापमान न बदलता पाण्याची वाफ होताना शोषल्या जाणाऱ्या उष्णतेच्या, धड्यात आहे. घाम स्वतः गार नसतो. तो वाळतो तेव्हा गारवा देतो, कारण पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता तो त्वचेतून घेतो. पुस्तकातला ग्रॅमला ५४० कॅलरी हा आकडा १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा आहे. त्वचेच्या तापमानाला तो साधारण ५८० भरतो. म्हणजे एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. आता हे पाहा: ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान एका अंशाने वाढायला जेमतेम ५० किलोकॅलरी पुरतात, आणि स्वस्थ बसलेले शरीरसुद्धा तासाला ७०च्या आसपास किलोकॅलरी निर्माण करत असते. घाम थांबला, तर काय होईल याचा हिशेब तूच मांडून पाहा.

हवा त्वचेपेक्षा गार असते तेव्हा अभिसरण (हलत्या हवेबरोबर उष्णता जाणे) आणि प्रारण (किरणांच्या रूपाने उष्णता जाणे) यांमुळेही शरीराची उष्णता जाते. ४५ अंशांत मात्र उष्णता बाहेरून आत येऊ लागते आणि घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. उन्हात डोके-कान रुमालाने बांधून, पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा घालून निघण्याची आपल्याकडची रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम शरीराच्या काही कामाचा नाही. मे महिन्यात गारेगार हवा देणारा आपला कूलर पावसाळ्यात चिकचिकाट करतो, त्याचेही कारण हेच.

उत्तर २ (परिचारिका, रावेर तालुका):
सरांनी पाण्याचे सांगितले, मी मिठाचे सांगते. केळीच्या बागेत काढणी करणाऱ्या मजुरांच्या सदऱ्यावर दुपारनंतर पाठीवर पांढरे चट्टे दिसतात, ते घामातले मीठ असते. भरपूर घाम गेल्यावर केवळ साधे पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटू शकते.

विद्यार्थिनी:
ताई, मग मिठासाठी ओआरएस (पाण्यात कालवून प्यायची मीठ-साखरेची पुडी) देतात, त्यात साखर कशासाठी असते?

उत्तर २ (परिचारिका):
लहान आतड्याच्या पेशींमध्ये ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारे प्रथिन असते. ती दोन्ही आत गेली की पाणीही त्यांच्यामागे जाते. त्यामुळे ग्लुकोज येथे चवीसाठी नसते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावी. कमी पाण्यात केलेले दाट द्रावण अपाय करते. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर मात्र तोंडात काहीही घालू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करा.