पावसाळ्यात गॅलरीत खत करणं बेळगावात खरंच जमतं का?

शहापूरची_वैनी

नमस्कार मंडळी. आम्ही शहापुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. अंगण नाही, गच्चीला मालकांचं कुलूप, आपली म्हणावी अशी फक्त मागची गॅलरी, तीही दोन माणसं उभी राहिली की भरली. पाडव्याला रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. मे अखेरपर्यंत झकास चाललं होतं. भाजीची देठं, चहाचा चोथा, आंब्याच्या साली, सगळं जिरायचं आणि घाण वास अजिबात नव्हता.

मृग लागला आणि तंत्र बिघडलं. आता झाकण उघडलं की नाक धरावं लागतं, तळाशी काळं पाणी साचतंय, आणि करड्या, चपट्या अळ्या आतून वर चढताहेत. खाली मालकीण मावशींचं तुळशीवृंदावन आहे, नेमकं त्याच्या कट्ट्यावर ते पाणी ठिबकलं. मावशी तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा पदर नाकाला होता.

सासूबाई म्हणतात, दिवाळीपर्यंत कचऱ्याच्या गाडीला दे, मग बघू. मला एवढंच विचारायचंय, आपल्या इथल्या पावसात हे जमवणारं कुणी आहे का? पुण्याचे व्हिडिओ बघून झाले. त्यात सगळे गच्चीवर उन्हात उभं राहून सांगतात. आपल्याकडे जुलैत ऊन दिसतं कुठं?

टिळकवाडीकर

गाडीला द्या आणि मोकळ्या व्हा. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, डायपर-पॅड कागदात गुंडाळून निराळे. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. भाड्याच्या घरात मालकिणीशी वाकडं कशाला घ्यायचं?

अनगोळची_मेसवाली

टिळकवाडीकर, गाडीला द्यायला ना नाही. पण ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते पाणी डिझेल जाळून गावाबाहेर नेऊन ओतायचं हे मला पटत नाही. शिवाय ती बादली वर उचलताना त्या पोरांच्या मनगटावरनं काय ओघळतं ते एकदा दारात उभं राहून बघा. असो.

वैनी, माझी मेस आहे, कॉलेजची पोरं जेवायला असतात. कांद्याची टरफलं, मेथीच्या काड्या, दोडक्याच्या शिरा, कोबीचा वरचा पाला. तुमच्याकडे आठवड्यात निघतो तेवढा कचरा माझ्याकडे सकाळच्या भाजीलाच निघतो. आणि तो सगळा परसात जिरतो, तरण्या-म्हाताऱ्या पावसातसुद्धा. तेव्हा जमतं. फक्त पावसाळ्यातल्या खताची तयारी शिमग्यात करायची असते, हे त्या व्हिडिओवाल्यांना माहीत नसतं.

शिमग्याच्या आगेमागे कॅम्पात, टिळकवाडीत, व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला झाडं नुसती पानं गाळत असतात. झाडणाऱ्या बायका ढीग करतात आणि बऱ्याच ठिकाणी तो पेटवला जातो. मी तांदळाची रिकामी पोती घेऊन जाते आणि भरून आणते. त्या बायकांनाही बरं वाटतं, धूर खायला नको. पोती माळ्यावर कोरडी ठेवली की आषाढात सोनं. तुमच्या डब्यात नेमका हाच सुका माल कमी पडलाय. मे महिन्यात ऊन ती कसर भरून काढत होतं, आता ऊन गेलं आणि कसर उघडी पडली.

ॲग्रीचा एक विद्यार्थी माझ्याकडे जेवायला होता, त्यानं हिशेब समजावून सांगितला होता. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण २५-३० ला १ असे लागतात. भाजीपाल्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळक्या पानांत, भुश्यात कर्ब जास्त. नुसती भाजी टाकत गेलं की ढीग दबतो, हवा जाते, आणि हवा गेली की कुजका वास. नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं म्हणायचं. औषध दोन्हीला एकच, सुकं घाला आणि हलवा.

आता तुमचा डबा. पाऊस उघडेल त्या दुपारी गॅलरीत गोणपाट अंथरा आणि सगळं त्यावर उपडं करा. हातात प्लास्टिकची पिशवी चढवून गोळे फोडा. त्यात दुप्पट सुकं मिसळा. मग मूठभर घेऊन करकचून पिळा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर अजून सुकं. मूठ उघडल्यावर भुगा होऊन सांडलं तर पाण्याचा हबका. एवढी एक गोष्ट हाताला कळली की दुसरं काही शिकायला नको. पुन्हा भरताना तळाला नारळाच्या शेंड्या घाला चांगल्या वीतभर, आणि डबा विटांवर ठेवून खाली जुनं ताट सरकवा. म्हणजे मावशींची तुळस वाचली. ताटातलं पाणी भरपूर पाण्यात मिसळून कुंड्यांना घाला, निव्वळ घालू नका.

रोजचा नियम, एक वाटी कचरा की दोन वाट्या सुकं. वरचा थर कायम सुका. भाजी चिरतानाच देठं बारीक करा, आणि धुतलेल्या भाजीचं पाणी चाळणीत निथळू द्या. निम्मा चिखल तिथंच थांबतो.

जमलं तर पुढच्या वर्षी प्लास्टिकचा डबा सोडा आणि खानापूरची मातीची मडकी घ्या. भाजलेल्या मातीतून ओल बाहेर पडते, प्लास्टिकमधून पडत नाही. वर एक, खाली एक. वरचं भरलं की अदलाबदल.

शहापूरची_वैनी

काकू, लाख धन्यवाद. पण शिमगा तर गेला. आत्ता ऐन पावसात सुकं आणू कुठनं? आणि त्या अळ्यांचं काय करू? शेजारी माग आहेत, त्यांच्याकडचा सुताचा गुंता चालेल का?

चिकोडीचा_ऊसवाला

वाचून हसू आलं ओ अक्का. तुम्ही मूठभर पाल्यासाठी गाव पालथं घालताय, आणि आमच्याकडं ऊसतोडणी झाली की फडच्या फड पेटवतात. निपाणीपासनं रायबागपर्यंत हिवाळ्यात संध्याकाळी आभाळ काळं. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, काय थोडंथोडकं नसतं, हेक्टरी ८-१० टन निघतं.

मी पेटवायचं बंद केलंय. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेल्या पिकात, सरीआड सरी पाचट दाबतो. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारं जिवाणू खत, आणि वरनं पाणी. युरिया का, तर काकू म्हणतात तेच, पाचटात कर्ब लई, नत्र नाही. तुमच्या डब्याच्या बरोब्बर उलटं दुखणं. पाणी कमी लागतं, तण दबतं. बैल आणि औत घालायला त्रास होतो हे खरं, म्हणूनच बाकीचे काडी लावतात. त्यांनाही नुसता दोष देऊन उपयोग नाही, पुढच्या पिकाची घाई असते.

गावाकडं कुणी पाहुणे असतील तर एक पोतं पाचट मागून घ्या. कात्रीनं बोटभर तुकडे करा, लांब घातलंत तर वर्षभर तसंच राहील.

अनगोळची_मेसवाली

वैनी, आत्ता मिळण्यासारखं सांगते. भात गिरणीत तूस, म्हणजे भाताचं टरफल, मिळतं, येळ्ळूरकडं नाहीतर वडगावात कुणालाही विचारा. तूस लवकर कुजत नाही, त्यात सिलिका असते, पण ढीग मोकळा ठेवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. निम्मं तूस, निम्मे वर्तमानपत्राचे तुकडे. चकचकीत रंगीत पानं नकोत. सुताराकडचा भुसा घ्यायचा तर सरळ लाकडाचा घ्या. प्लायवूड कापलेला घेऊ नका, त्यात डिंक-केमिकल असतं. रसवंतीचं चिपाड फुकट मिळतं, पण ओलं घातलंत तर मुंग्यांचं लग्न लागेल. आधी वाळवा.

मागाचं सूत नको. आताच्या साड्यांत बहुतेक पॉलिस्टर असतं, ते जन्मात कुजायचं नाही. गुंता गॅरेजवाल्याला द्या, हात-पाने पुसायला घेतात. चिंध्या साठल्या तर वाकळ शिवणाऱ्या बाईला.

अळ्या राहू द्यात. करड्या, चपट्या, अंगावर वळ्या असलेल्या म्हणताय ना? त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. तिची मोठी माशी चावत नाही, अन्नावर बसून घाण करत नाही. अळ्या उलट कचरा भराभर खातात. पांढऱ्या आणि एका टोकाला निमुळत्या असल्या तर मात्र घरमाशीच्या, मग वरचा सुका थर वाढवा आणि झाकणाखाली जुना पंचा बांधा. सुकं वाढलं की दोन्ही कमी होतात. माझ्याकडं शेजारच्या कोंबड्या येतात, त्या अळ्या शिल्लक ठेवत नाहीत.

खडेबाजार_किराणा

काकू, ते कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची, पावडर घ्यायला सांगा की. माझ्याकडं गिऱ्हाईक मागतं, मी ठेवतो. लवकर होतं म्हणतात.

विषय निघालाच आहे तर दुकानदाराचंही ऐका. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, देशात २०२२ च्या जुलैपासून एकदा वापरून टाकायच्या कितीतरी वस्तूंवर. माणसं कापडी पिशवी घेऊन येतात, मान्य. आणि मग म्हणतात, शेंगदाणे-साखर एकत्र होतील, आत एक छोटी पिशवी द्या. डबे आणा की! आमच्या वडलांच्या वेळी तेलाला किटली घेऊन यायचे. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून पूर्ण तोडू नका, तेवढा तुकडा कुणी वेचत नाही, गटारीत जातो. लोंबता ठेवा, पिशवी विसळून वाळवा, भंगारवाला घेतो.

अनगोळची_मेसवाली

तुमची पावडर खपू दे, माझं काही म्हणणं नाही. पण आंबट ताक आणि मूठभर जुनं खत घातलं तरी तेच काम होतं, आणि ताक घरात असतं. शेणकाला मिळाला तर उत्तमच. घाईची गोष्ट म्हणाल तर आपल्याकडं जुलै-ऑगस्टात पंखासुद्धा लागत नाही, ढीग तापणार कसा? उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत होतं ते आता जास्त वेळ घेणार. पावडरीनं काय ऊन पडत नाही.

दुधाच्या पिशवीचं मात्र पटलं. आजपासून पोरींना सांगते.

शहापूरची_वैनी

तूस मिळालं! वडगावच्या गिरणीत पोतंभर, तिथल्या अण्णांनी पैसेही घेतले नाहीत. काल दुपारी उघडीप होती, गोणपाटावर सगळं उपसलं. पिळून बघितलं तर पहिल्यांदा धारच लागली, तूस आणि कागद घालत घालत थेंबावर आणलं. आज सकाळी वास निम्म्यानं कमी वाटला. मावशींना वरून सांगितलंय की खाली ताट ठेवलंय, त्या म्हणाल्या, बघूया.

एक राहिलंच. आमच्यात रविवारी मासे असतात. काटे आणि खवलं घातली तर चालतील का?

अनगोळची_मेसवाली

डब्यात नको, सध्या तर मुळीच नको. मोठी कुंडी असेल तर तळाशी खोल पुरा आणि वर माती दाबून एखादं वजन ठेवा. नाहीतर गल्लीतली मांजरं मावशींच्या तुळशीपर्यंत पोचतील आणि मग मला विचारू नका. कुंडी नसेल तर काटे गाडीला.