ऑफिसच्या जुन्या पीसीवर क्रोम १०९ अडकलंय, अँटीव्हायरसवर भागेल का?

नौपाड्याची
गोखले रोडवर एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंट्स बघते. ऑफिसात दोन पीसी. त्यातला एक विंडोज ७ चा, त्यावर क्रोम १०९. वर पट्टी येते की यापुढे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल. त्या पट्टीवर फुली मारायची, हा आमच्याकडचा सकाळचा पहिला उद्योग. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) याच पीसीला लागतं, म्हणून सर कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांचं म्हणणं, अँटीव्हायरसचे पैसे दरवर्षी भरतो आणि जीएसटी, इन्कम टॅक्स, बँक यापलीकडे आपण काही उघडतच नाही. (क्लायंट मेलवर बिलांचे फोटो पाठवतात आणि मॅच असली की स्कोअरही इथेच बघितला जातो, पण ते असो.) नुसतं "धोका आहे" म्हटलं की सर हसतात. त्यांना पटेल असं काय सांगू?

ऐरोलीकर
ताई, माइंडस्पेसमध्ये एका कंपनीचे पीसी सांभाळतो, हे संभाषण माझं दर आठवड्याला कुणाशी तरी होतं.

सरांना एकच उदाहरण द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत एक भोक सापडलं. अॅपलची सुरक्षा टीम आणि टोरंटो विद्यापीठाची सिटिझन लॅब यांनी ते कळवलं. मुद्दाम बिघडवलेलं चित्र पानावर आलं की ब्राउझर मेमरीत हद्दीबाहेर लिहायचा. काही डाउनलोड करायला नको, कशावर क्लिक करायला नको. हल्लेखोर ते वापरतायत हे गुगलनेच तेव्हा सांगितलं. क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांनी काही दिवसांत दुरुस्ती दिली. तुमचं १०९ त्याच्या आधीचं, जानेवारी २०२३ चं. विंडोज ७ वर त्यापुढचं क्रोम येतच नाही, म्हणजे ते भोक तुमच्याकडे आजही उघडं असण्याचीच शक्यता जास्त. त्यानंतर सापडलेली बाकीची वेगळीच.

आता अँटीव्हायरस. त्याची मुख्य नजर फाइलवर असते. इथे सगळा खेळ ब्राउझरच्या मेमरीत होतो, डिस्कवर काही येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्याचा काहीच उपयोग नाही असं नाही, पण अपडेटची जागा तो घेत नाही.

लोक आणखी एक गोष्ट विसरतात. क्रोमच्या पोटातल्या क्रोमियमचा कोड सगळ्यांना वाचता येतो. दुरुस्ती आली की भोक कुठे होतं तेही उघड होतं. सोसायटीच्या बोर्डावर "बी विंगचं मागचं कुलूप नुसत्या धक्क्याने उघडत होतं, बदललं" अशी नोटीस लागली, तर चोर तेच कुलूप असलेल्या शेजारच्या सोसायटीत जाणार. दुरुस्ती आल्यानंतर जुनी आवृत्ती जास्त धोक्याची होते ती अशी.

ब्राउझर प्रत्येक पान कोंडून चालवतो, त्याला सँडबॉक्स म्हणतात. त्यातून बाहेर पडायला हल्लेखोराला बहुतेक वेळा दुसरं भोक लागतं, आणि ते अनेकदा विंडोजमध्ये शोधलं जातं. विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा तिथे ते आयतं मिळतं. म्हणूनच "मग फायरफॉक्स टाकू" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने विंडोज ७ साठी ११५ ईएसआरची (जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीची) मुदत पुन्हा पुन्हा वाढवली हे खरं, पण खालची जमीन तशीच भुसभुशीत.

सरांना सरकारी कागदच पटत असेल तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) साइटवर क्रोम, फायरफॉक्सबद्दलचे इशारे असतात. दोन-तीन प्रिंट काढून टेबलावर ठेवा.

कळवा_नाका
लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, विषय संपला.

पाचपाखाडी_टॅक्स
@कळवा_नाका, तुम्ही कधी महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी लिनक्सवर टोकनचा ड्रायव्हर बसवून जीएसटीचा ३बी रिटर्न भरलाय का? मग बोलू.

ताई, तुमच्या सरांची भीती मला ओळखीची आहे. एके काळी सहीसाठी जावा अॅप्लेट लागायचं आणि ते जुन्या ब्राउझरमध्येच चालायचं. ते दिवस गेले. क्रोमने असली अॅप्लेट चालवणारी प्लगइनची सोय २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत पूर्ण काढली. आता जीएसटीला सही करणारा एमसाइनर वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतो, ब्राउझर ताजा असला तरी सही होते. टोकनचा ड्रायव्हर ज्यांनी टोकन दिलं त्यांच्याकडूनच घ्या, साइनर पोर्टलवरूनच. गुगलवर शोधून पहिली जाहिरात दिसली तिथून अजिबात नको. आणि सही झाली की टोकन काढून कपाटात. आमच्या लाइनीत निम्म्या ऑफिसांत ते दिवसभर पीसीला लटकत असतं, पिनची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवून!

नौपाड्याची
चिठ्ठी आमच्याकडेही आहे. 😐 दुसरा पीसी विंडोज १० चा आहे, टोकन तिथे हलवलं तर चालेल? आणि त्यावर क्रोमच्या कोपऱ्यात लाल बटण दिसतंय, रीलाँच करा म्हणून.

ऐरोलीकर
तूर्त चालेल. विंडोज १० चाही सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मायक्रोसॉफ्टने एजचे अपडेट त्यावर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ म्हटलंय, पण विंडोजसाठी मुदतवाढीची वेगळी योजना घ्यावी लागते. ऑफिसचं एवढं काम त्यावर असेल तर विंडोज ११ चालणारा एखादा पीसी घ्या. जुन्याची नेटची वायर काढा आणि त्यावर फक्त जुना टॅली डेटा बघा.

लाल बटण म्हणजे अपडेट केव्हाच येऊन पडलंय, ब्राउझर बंद करून उघडलेला नाही म्हणून लागू झालेलं नाही. आधी हिरवं, मग केशरी, आठवड्याभराने लाल. क्रोम २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती देतं, तेव्हा हे बटण वारंवार दिसणारच. अपडेट त्या बटणावरून किंवा तीन टिंबांच्या मेन्यूत मदत, मग क्रोमविषयी, तिथूनच करायचं. एखाद्या पानावर "तुमचा ब्राउझर जुना आहे, इथे क्लिक करा" आलं तर ते पान बंद.

एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादीही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन नावाच्या सुरक्षा कंपनीचंच एक्स्टेन्शन हल्लेखोरांनी ताब्यात घेऊन त्यातून बिघडवलेलं अपडेट पाठवलं होतं. पीडीएफ जोडणारी, कूपन शोधणारी, कुणी टाकली ते आठवत नाही अशी सगळी काढा.

नौपाड्याची
सर रीलाँच करू देत नाहीत कारण त्यांचे ढीगभर टॅब उघडे असतात, ते जातील म्हणतात.

पाचपाखाडी_टॅक्स
परत येतात. इन्कॉग्निटोतले मात्र येत नाहीत, आणि अर्धवट भरलेला फॉर्म जातो. आधी रिटर्न सेव्ह करायला सांगा, मग सर चहाला गेले की दाबा.